पिंजरे मागता, तसा एक डॉक्टरही मागा

पुणे जिल्ह्यातल्या सर्व आमदार-खासदारांना आणि जिल्हा नियोजन समितीच्या सदस्यांना,

सप्रेम नमस्कार.

मी पशुवैद्य आहे. गेली पंधरा वर्षं बिबटे, तरस, कोल्हे, गवे, घुबडं यांच्यावर उपचार करते. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर या चार तालुक्यांत माझं सततचं येणंजाणं असतं. आपल्यापैकी काहींना मी चेहऱ्याने ओळखते. आपली गाठ पडते ती एखाद्या उसाच्या बांधावर, दोनशे माणसांच्या गर्दीत. तुम्ही ग्रामस्थांशी बोलत असता आणि मी गुडघे टेकून एका बेशुद्ध जनावराचे श्वास मोजत असते. अशा वेळी बोलणं होत नाही, म्हणून हे पत्र.

2025 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड-जांबुत परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत तीन जीव गेले. त्यांत दोन लेकरं होती. मंचरला लोकांनी पुणे-नाशिक महामार्ग अडवला. तो राग मला परका नाही. शेतीपंपाची वीज रात्रीच्या पाळीला आली की बॅटरी घेऊन उसात पाणी धरायला जाणाऱ्या बाया-माणसांना मी ओळखते, त्यांच्या ओसरीवर चहा प्यायले आहे. तुम्ही त्यांच्या बाजूने उभे राहिलात, ते योग्यच केलंत. त्या दिवसांत सरकारकडे पिंजरे मागितले गेले, ड्रोन मागितले गेले, नेमबाज मागितले गेले, बिबट्यांच्या नसबंदीची मागणी झाली. मी ऐकलेल्या एकाही भाषणात डॉक्टर मागितलेला नव्हता.

पिंजऱ्याचं दार पडलं की बातमी संपते आणि आमचं काम सुरू होतं. आत आलेला बिबट्या नर की मादी, वय काय, सुळे शाबूत आहेत की तुटलेत, मादी दूध पाजणारी आहे का, पायात जुनी जखम आहे का, हे सगळं बघावं लागतं. दूध पाजणारी मादी उचलून नेली, तर मागे उसात बछडी उपाशी राहतात आणि त्यांच्या वाटेला जाणारा पहिला माणूस म्हणजे ऊसतोडीचा कोयता. हे बघायला दहा मिनिटं पुरतात, पण ती बघणारी नजर तयार व्हायला दहा वर्षं लागतात.

जुन्नरने हे एकदा भोगलं आहे. 2001 नंतरच्या दोन-तीन वर्षांत हल्ले वाढले, तेव्हा पिंजरे लावून बिबटे धरले आणि लांबच्या जंगलांत सोडून दिले. वाटलं, प्रश्न मिटला. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्याबरोबरच्या पशुवैद्यांनी धरलेल्या बिबट्यांच्या कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी, ओळख पटवणारी चिप बसवायला सुरुवात केली आणि चित्र वेगळं दिसायला लागलं. सोडलेलं जनावर सोडल्या जागी थांबत नव्हतं, आणि जिथे सोडलं त्या भागातच माणसांवरचे हल्ले वाढत होते. 2011 साली केंद्राने माणूस आणि बिबट्या यांच्या संघर्षाबाबत मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात उचलून दुसरीकडे सोडण्याला आवर घालायला सांगितलं, त्यामागे जुन्नरचा हा अनुभव आहे. चिप बसवायला जनावर भुलीखाली असावं लागतं आणि भूल द्यायला डॉक्टर लागतो. तो नसता, तर आपण अजूनही बिबटे इकडून तिकडे नेत राहिलो असतो आणि हल्ले कुठून येतात याचं नवल करत राहिलो असतो.

2022 च्या राष्ट्रीय अंदाजात देशात 13,874 बिबटे धरले आहेत, महाराष्ट्रात 1,985. हा अंदाज मुख्यतः जंगलांतला आहे. उसात जन्मलेली, उसातच वाढलेली, जंगल कधी न पाहिलेली आपली जनावरं त्यात फारशी येत नाहीत. त्यांच्याबद्दल जे काही कळतं, त्यातलं बरंच आमच्या टेबलावर आलेल्या बिबट्यांवरून कळतं. त्या टेबलामागे माणूस टिकला नाही, तर ते कळणंही थांबतं.

भूल देणं लांबून सोपं दिसतं. नळी रोखली, डार्ट मारला, जनावर आडवं झालं. प्रत्यक्षात अंधारात, बॅटरीच्या उजेडात, पाचटात दडलेल्या जनावराचं वजन नजरेने ठरवावं लागतं, कारण औषध वजनावर असतं. चाळीस किलो समजून पंचावन्नच्या नराला कमी दिलं, तर तो अर्धवट गुंगीत उठतो. जास्त दिलं, तर श्वास अडकतो. शांत जनावराला पुरणारी मात्रा चिडलेल्या जनावराला पुरत नाही. डार्ट लागल्यावर दहा-पंधरा मिनिटं आवाज न करता थांबायचं असतं. दोनशे माणसांना ते कसं सांगायचं?

माझ्या पहिल्या वर्षातली गोष्ट सांगते. एका गावात रानडुकरासाठी लावलेल्या क्लच वायरच्या फासात बिबट्या अडकला होता. तार कमरेत रुतलेली. मी डार्ट मारला, तो मांडीत नीट बसला. पाच मिनिटं झाली, सहा झाली. मागून रेटारेटी सुरू होती, मोबाइलचे दिवे त्याच्या तोंडावर. कुणीतरी ओरडलं, "अहो मॅडम, अजून एक मारा की!" आठव्या मिनिटाला मी दुसरा डार्ट मारला. बाराव्या मिनिटाला दोन्हींचा अंमल एकदम चढला. जवळ गेले तेव्हा मिनिटाला चार श्वास होते आणि जीभ निळसर पडली होती. मी जीभ बाहेर ओढली, मान सरळ केली आणि बरगड्यांवर तळहात टेकून दाबत राहिले. डार्टमधल्या दोन औषधांपैकी झायलाझिनचा उतारा शिरेतून दिला. दुसऱ्याला, केटामिनला, उतारा नसतो, ते आपोआप उतरेपर्यंत वाट पाहावी लागते. वनरक्षकाने शेजारच्या मोटारीवरून भिजवून आणलेलं पोतं त्याच्या पोटावर टाकलं, कारण ताप एकशे सहाच्या पुढे गेला होता. भुलीत बिबट्याचे डोळे उघडे राहतात, पापणी मिटत नाही. मी मलम घातलं आणि माझी ओढणी त्याच्या डोळ्यांवर बांधली. चाळीस मिनिटांनी त्याने स्वतःहून खोल श्वास घेतला. तो जगला. महिन्याने, जखम भरल्यावर, रात्री सोडला.

चूक माझी होती. गर्दीला घाबरून मी घड्याळ सोडलं. त्या रात्री शेजारी एखादा जाणता डॉक्टर असता, तर त्याने माझा हात धरून "थांब" म्हटलं असतं. पण जाणता डॉक्टर तयार होण्याइतका काळ या कामात कुणी राहतच नाही. आम्ही चौघं जवळपास एकाच वेळी या क्षेत्रात आलो. एक जण परदेशी गेला, दोघांनी कुत्र्या-मांजरांचे दवाखाने काढले. त्यांना दोष देणार नाही. घरभाडं भरायचं होतं, मुलं मोठी होत होती.

आज वन्यजीवांवर काम करणारे बहुतेक पशुवैद्य एक तर पशुसंवर्धन खात्यातून प्रतिनियुक्तीवर आलेले असतात, किंवा कंत्राटावर असतात, किंवा एखाद्या स्वयंसेवी संस्थेत असतात. प्रतिनियुक्तीवरचा डॉक्टर तीनेक वर्षांत काम शिकतो आणि मग परत जनावरांच्या दवाखान्यात जातो. कंत्राटावरच्याचा निम्मा जीव पुढच्या पत्राकडे लागलेला असतो. मी दोन्ही प्रकारच्या माणसांबरोबर काम केलं आहे. ती मनापासून काम करणारी माणसं आहेत, फक्त त्यांच्या पायाखाली जमीन नाही.

कंत्राटाचा खंड म्हणजे काय, ते एका विहिरीवरून सांगते. तेव्हा मी कुणाकडे काम करत होते, ते इथे महत्त्वाचं नाही. अशी ठिकाणं बरीच आहेत. माझा करार 31 मार्चला संपला आणि नवीन पत्र यायला मे उजाडला. मधल्या एप्रिलमध्ये रात्री दीड वाजता ओळखीच्या वनरक्षकाचा फोन आला. "मॅडम, मादी विहिरीत पडलीय. तुमची ऑर्डर नाही हे माहीत आहे. पण येता का?" मी गेले. कठडा नसलेली जुनी विहीर होती. पोरांनी दोरांना बाज बांधून आत सोडली होती आणि मादी त्या बाजेवर चढून बसली होती, ओली, थरथरत. पहाटे पिंजरा उतरवून तिला वर काढलं. एक मागचा पाय लोंबत होता आणि हिरड्या पांढऱ्याफटक होत्या. मला तिला तिथेच भूल देऊन तपासायचं होतं. केटामिन हे नियंत्रणातलं औषध आहे, ते कुलपात असतं, त्याची नोंद ठेवावी लागते. त्या कपाटावर आता माझा हक्क नव्हता आणि किल्ली ज्यांच्याकडे होती ते बाहेरगावी होते. तालुक्याच्या दवाखान्यातले डॉक्टर धावत आले. भला माणूस, हजारो गाई-म्हशी हाताखालून गेलेल्या, पण बिबट्याला त्यांनी कधी हात लावलेला नव्हता आणि तसं त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं. औषध दुपारी अडीचला आलं. मादी दोनच्या सुमाराला गेली होती. शवविच्छेदनात प्लीहा फुटलेली निघाली, पोट रक्ताने भरलेलं. पहाटे तपासली असती तरी ती कदाचित वाचली नसती. पण हे मला पहाटे कळायला हवं होतं.

शहराकडेही बघा. 9 डिसेंबर 2020 ला कोथरूडच्या महात्मा सोसायटीच्या परिसरात गवा शिरला. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी ते व्हिडिओ पाहिले असतील. तो गवा वाट शोधत होता. माणसं त्याच्या मागे, पुढे, गच्चीवर, मोटारसायकलवर. काही तास पळून तो दमला, पकडला गेला आणि मेला. रानटी खुरी जनावर असं पळतं तेव्हा त्याचे स्नायू आतून मोडायला लागतात. रक्तात आम्ल साठतं, अंग तापतं, फुटलेल्या स्नायूंमधल्या रंगद्रव्याचा गाळ मूत्रपिंडात अडकतो आणि हृदय थांबतं. आम्ही याला कॅप्चर मायोपथी म्हणतो. एकदा हे सुरू झालं की जगातला कुठलाही डॉक्टर फारसं काही करू शकत नाही. औषध एकच, गर्दी आधी हटवणं. दोन आठवड्यांच्या आत बावधनच्या बाजूला दुसरा गवा दिसला, तेव्हा लोकांना लांब ठेवलं आणि तो आपणहून रानाकडे परतला. म्हणून माझी विनंती आहे की, डार्ट मारायचा की नाही आणि कधी मारायचा, हा शब्द घटनास्थळी डॉक्टरचा असावा आणि पोलिसांनी तो पाळावा. पुढाऱ्यांचं वजन तिथे कामाला येतं. तुम्ही एका वाक्यात गर्दी मागे घेऊ शकता, मी घसा फोडून घेऊ शकत नाही.

पण डार्ट हा या पेशाचा लहानसा भाग आहे. तोच दिसतो म्हणून कॉलेजातली मुलं तोच मनात धरून येतात. शिरवळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय पुण्याहून फार लांब नाही. तिथून आणि मुंबई, परभणीहून दरवर्षी मुलं-मुली सुट्टीत काम शिकायला येतात. नीट देऊन प्रवेश, इंटर्नशिपसकट साडेपाच वर्षांचा अभ्यास. त्यात गाय, म्हैस, शेळी, कोंबडी, कुत्रं भरपूर, आणि रानातल्या जनावरांचा वाटा थोडा. मी त्यांना पहिल्या दिवशी बिबट्या दाखवत नाही. मेलेला कोल्हा दाखवते आणि सुरी-चिमटा हातात देते. आमचं खरं काम तिथे आहे.

गिधाडांचं उदाहरण घ्या. 1992 ते 2007 या काळात भारतातली पांढऱ्या पाठीची गिधाडं 99.9 टक्क्यांनी घटली. गावाबाहेर ढोर टाकलं की आभाळ भरून यायचं, ते आभाळ रिकामं झालं. कुणी कीटकनाशक म्हणालं, कुणी साथ म्हणालं. मेलेली गिधाडं टेबलावर घेतली, तेव्हा आतल्या अवयवांवर चुन्यासारखा पांढरा थर निघाला. मूत्रपिंडं निकामी झालेली. 2004 साली शास्त्रज्ञांनी कारण दाखवून दिलं. डायक्लोफेनॅक. गाईची सूज उतरावी म्हणून गोठ्यात दिलेलं साधं इंजेक्शन. 2006 मध्ये भारताने जनावरांसाठी त्यावर बंदी घातली. गिधाडांचा आजार गोठ्यातल्या सुईत होता आणि तो सापडला शवविच्छेदनातून.

2025 च्या जुलैत कात्रजच्या प्राणीसंग्रहालयात काही दिवसांत डझनाहून जास्त चितळं दगावली. निदान आलं लाळ्या-खुरकुताचं. हा शब्द दूध घालणाऱ्या प्रत्येक घराला ठाऊक आहे, वर्षातून दोनदा लस टोचतात तोच आजार. गोठा आणि जंगल यांच्यामध्ये या विषाणूला कुंपण नसतं. 2018 साली गुजरातेत गीरमध्ये सिंह मेले, त्यांच्यात कुत्र्यांच्या डिस्टेंपर रोगाचा विषाणू सापडला. सासवड, दौंड, बारामतीच्या माळावर आपले लांडगे आहेत आणि त्याच माळावर भटक्या कुत्र्यांच्या टोळ्या आहेत. नागपूरच्या गोरेवाड्याला तीन वाघ आणि एक बिबट्या बर्ड फ्लूने गेले, ते 2024 च्या अखेरीला. या सगळ्यात रानाचा डॉक्टर काय करतो? तो रानाच्या कडेच्या गावांत जनावरांना लस पोचली का ते बघतो, माळावरच्या कुत्र्यांचे नमुने घेतो, मेलेलं प्रत्येक जनावर उघडून बघण्याचा हट्ट धरतो.

हा हट्ट माणसांच्याही कामाचा आहे, आणि त्याची सुरुवात आपल्या पुण्यातून झाली आहे. 1957 साली कर्नाटकात शिमोग्याच्या जंगलात माकडं पटापट मरायला लागली, मग माणसं तापाने फणफणली. तो विषाणू पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने शोधला, आज आपण त्याला एनआयव्ही, म्हणजे राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था, म्हणतो. तोच माकडताप 2016 ला सिंधुदुर्गात दोडामार्गपर्यंत आला. जंगलात मेलेलं माकड ही पहिली खूण असते. ती खूण ओळखून, हातमोजे घालून, गोचिड्या बाटलीत भरून औंधच्या किंवा पाषाणच्या प्रयोगशाळेकडे पाठवणारा माणूस तालुक्याला हवा. आज वनरक्षक पंचनामा करतो आणि माकड पुरतो. त्याला दुसरं काही करायला शिकवलेलंच नसतं.

आता मागणं. महाराष्ट्राच्या वनव्यवस्थेत वन्यजीव पशुवैद्यांचं स्वतःचं, कायम पदांचं केडर असावं. भरती होते, अनुभवाने बढती मिळते आणि निवृत्त होण्याआधी माणूस आपल्या हाताखाली दोघांना तयार करतो, तसं. जुन्नर वनविभागात किमान दोन डॉक्टर असावेत, कारण एकट्याला चोवीस तास जागं राहता येत नाही. डॉक्टरसोबत जाणारे मदतनीस कायम असावेत. माणिकडोहच्या निवारा केंद्रात जन्मभरासाठी राहिलेले बिबटे आहेत, त्यांना म्हातारपणी दात, सांधे, मूत्रपिंड यांची दुखणी लागतात. त्यांच्याकडे बघणारे हात वेगळे आणि रात्री धावणारे हात वेगळे हवेत. नसबंदी करायची तर तिचा आराखडा डॉक्टर नेमल्यानंतर करा, आधी करू नका. मादीला भूल, शस्त्रक्रिया किंवा इंजेक्शन, नंतर कित्येक वर्षं तिच्यावर लक्ष, हे तात्पुरत्या माणसाकडून होणार नाही. आणि विमा. माझ्या खांद्यावर एका तरसाचे चार दात उमटले आहेत, त्याचा खर्च मी माझ्या खिशातून केला. माझ्यानंतर येणाऱ्यांवर ती पाळी येऊ नये.

पैसे लागतील, हे मला समजतं. एका पिंजऱ्याची, एका ड्रोनची किंमत तुम्हाला माहीत आहे. जिल्हा नियोजन समितीच्या बैठकीत त्या ओळींच्या खाली आणखी एक ओळ लिहायला सांगा आणि विधानसभेत केडरचा प्रश्न विचारा. लागेल ती माहिती, नोंदी, आमच्या चुकांसकट, मी घेऊन येईन.

ऊसतोड सुरू झाली की रोज एखाद्या फडातून फोन येतो, बछडी सापडली. गेल्या हंगामात अशा एका फोनवर माझ्याबरोबर परभणीची एक मुलगी होती, नुकतीच पास झालेली. मुकादमाच्या पाटीत तीन बछडी होती, डोळे नुकते उघडलेले. तिने तिन्ही तपासली, गोचिड्या काढल्या, नर-मादी नोंदवलं, वजन केलं आणि संध्याकाळी ती सापडली त्याच सरीत क्रेटमध्ये ठेवली. कॅमेरा लावून आम्ही दोघी लांब गाडीत दिवे मालवून बसलो. साडेनऊला मादी आली. एकेक बछडं मानेला धरून तीन खेपांत घेऊन गेली. शेवटची खेप झाली तरी ती मुलगी स्क्रीनवरून नजर काढत नव्हती. घरी जाताना तिला आईचा फोन आला. स्पीकरवर होता, म्हणून मला ऐकू आलं. "जेवलीस का? आणि नोकरीचं काय, पक्की आहे का गं?"

तिचा करार येत्या मार्चमध्ये संपतो आहे. पुढचं पत्र येईल का, असं तिने मला विचारलं आहे. मी तिला म्हटलं, आपल्या लोकप्रतिनिधींना लिहिते आणि विचारून सांगते.

आपली,
एक पशुवैद्य, पुणे